तात्यासाहेबांच्या घरचा संडास

कारभारीला संडास दुरुस्त करता येतो, ही गोष्ट त्याच्या गावात कुणाला ठाऊक नव्हती. ठाऊक असायचं कारणही नव्हतं. गंगापूरच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला असलेल्या त्या गावात कारभारी म्हणजे मोठ्या घरचा धाकटा लेक, औरंगाबादेत चिकलठाण्याच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणारा, एसटीतून उतरला की गुलमंडीवरच्या मिठाईचा पुडा हातात असणारा. असला माणूस टायरचा तुकडा ठोकलेली काठी घेऊन संडासाच्या भांड्यासमोर उकिडवा बसतो, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. आपल्याकडं माणूस काय करतो यापेक्षा त्याचा हात कशाला लागतो यावर त्याची किंमत ठरते. ज्यांनी हा नियम केला त्यांनी आपली घाण पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या हातानं उपसून घेतली, ती गोष्ट मात्र कुणी काढत नाही.

कारभारी जन्मला तो रझाकारांच्या धामधुमीत. पोलीस ॲक्शन होऊन गाव स्थिरस्थावर होतंय न होतंय तोच वडील गेले. थोरला भाऊ तात्यासाहेब तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा. त्यानं शेतीही सांभाळली आणि हे रांगतं पोरही. कारभारीला बापाचा चेहरा आठवत नसे, तात्यांचा खांदा आठवे. पोळ्याच्या दिवशी त्या खांद्यावर बसून त्यानं गावच्या वेशीतलं तोरण पाहिलेलं. गावात पहिली बैलजोडी त्यांच्या घरची निघे. तो मान चालत आलेला होता. घरातल्या कर्त्या पुरुषानं नवा फेटा बांधून मानाच्या जोडीचा कासरा धरायचा, जोडी तोरणाखालून काढायची, आणि मग बाकीच्या गावानं मागून यायचं. लहानग्या कारभारीला त्या कासऱ्यापलीकडं जगात काही हवंसं वाटलं नाही. शाळेत मास्तरांनी मोठेपणी कोण होणार म्हणून विचारलं, तर पठ्ठ्यानं सांगितलं, "मी कासरा धरणार." सगळा वर्ग हसला. तात्यांना हे कळलं तेव्हा तेही हसले आणि म्हणाले, "माझ्यामागं तूच धरशील की रं!"

हे वाक्य तात्या विसरून गेले असतील. कारभारी विसरला नाही.

नोकरी लागली, लग्न झालं, आणि कारभारी नि सरूबाई औरंगाबादेत बुढ्ढीलेनच्या बाजूला नूरमोहम्मद नावाच्या माणसाच्या घरात भाड्यानं राहू लागले. नूरमोहम्मदचं शहागंजात सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. घराच्या मागं त्यानं नव्या पद्धतीचा फ्लशचा संडास बांधून घेतला होता, घरमालक आणि भाडेकरू सगळ्यांना मिळून एकच. एका उन्हाळ्यात तो तुंबला. सफाईवाल्याला निरोप गेले, तो काही आला नाही. सरूबाई पहिलटकरीण, ओली बाळंतीण. शेवटी नूरमोहम्मदनं दुकानाला कुलूप घातलं, घरी येऊन पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, आणि सायकलच्या जुन्या टायरचा गोल तुकडा कापून काठीच्या टोकाला खिळ्यानं ठोकला.

कारभारी दारात उभा राहून बघत होता. आपल्या बापाच्या वयाचा माणूस आपल्या बायकोसाठी घाणीत वाकलाय आणि आपण नाकाला धोतराचा सोगा लावून उभे आहोत, याची त्याला भयंकर लाज वाटली. पण पुढं व्हायचं म्हटलं की अंगावर काटा येई. नूरमोहम्मदनं मान वर न करताच म्हटलं, "अरे कारभारी, खाते वखत शरम नै आती तुम लोगां कू, तो साफ करते वखत काय कू आती?"

कारभारीनं बाह्या सारल्या आणि काठी मागून घेतली.

त्या दिवशी त्याला कळलं की भांड्याखाली एक वाकडी नळी असते, तिच्यात पाणी साचून राहतं म्हणून वास वर येत नाही, आणि बहुतेक सगळं तिथंच अडतं. टायरची चकती भांड्याच्या तोंडावर दाबून बसवायची आणि घाई न करता वरखाली करत राहायचं. जोर लावला की उलटं अंगावर येतं. उकळतं पाणी ओतलं तर भांडं तडकतं. हातात दुधाच्या पिशव्या घालून मनगटाला सुतळी बांधायची. नूरमोहम्मदनं त्याला हे सगळं एखादी सायकल खोलून दाखवावी तसं दाखवलं, आणि शेवटी दोघं साबणानं हात धुऊन चहा प्यायले. सरूबाईनं मात्र नवऱ्याला अंगणातच दोन बादल्या अंगावर ओतून घ्यायला लावल्या, आणि ते कपडे निराळ्या खुंटीला टांगले. तिचंही चुकलं म्हणता येत नाही, तीही त्याच मुलखातली.

पुढं सिडकोत दोन खोल्यांचं स्वतःचं घर झालं, तिथं वर टाकीवाला फ्लश होता. सिडकोतलं पाणी रोज येत नाही. टाकीतलं वायसर झिजून थेंब-थेंब गळायला लागलं की पाण्याची पुढची पाळी यायच्या आत गच्चीवरची टाकी ठणठणीत कोरडी पडते. कारभारीनं त्यावर आपली एक युक्ती काढली. कपड्यांना घालायची नीळ तो फ्लशच्या टाकीत सोडायचा आणि चहा पिऊन यायचा. भांड्यात निळं पाणी उतरलेलं दिसलं की समजायचं, वायसर गेलं. मग पाणी येणं थांबावं म्हणून टाकीतला तरंगता फुगा वर बांधून ठेवायचा, नवं रबर बसवायचं, सांधा गळू नये म्हणून त्याला सुतळी आणि सफेदा. तोवर सरूबाईचीही तक्रार मावळली होती. उलट तीच शेजारणींना सांगायची, "आमच्या ह्यांना बोलवा की, मिस्त्रीच्या तोंडाला कशाला लागता?" कारभारी जायचा, काम करायचा, चहा घ्यायचा. पैसे त्यानं कधी घेतले नाहीत. शहरात या गोष्टीचं कुणाला काही वाटत नव्हतं. ज्या कपात घरचे प्यायचे त्याच कपात त्याला चहा मिळायचा. पण गावी जाताना मात्र तो नखंसुद्धा घासून जायचा.

मग गावी आई पडली. खुब्याचं हाड मोडलं, तिला बाहेर नेणं-आणणं होईना, म्हणून तात्यासाहेबांनी घरामागं संडास बांधला. गावातला तो पहिलाच. गवंड्यानं जन्मात असलं काम केलेलं नव्हतं. त्यानं भिंती झकास बांधल्या, वर कळस ठेवायचा तेवढा बाकी ठेवला, आणि जमिनीतल्या नळाला उतार द्यायचा राहूनच गेला. पंधरवडा जातो न जातो तोच संडास तुंबला.

आता तो मोकळा कोण करणार? गवंडी म्हणाला, माझं काम बांधायचं. गावकुसाबाहेरच्या ज्या घरांना या गावानं इतकी वर्षं आपली घाण काढायला भाग पाडलं होतं, त्या घरांतली मुलं शिकली होती, नोकऱ्यांना लागली होती. त्यांनी साफ सांगितलं, ते दिवस गेले. बरंच केलं! तात्यासाहेब दोन दिवस दातओठ खात फिरले, आणि तिसऱ्या दिवशी कारखान्याच्या गेटावर कारभारीला फोन आला.

"आईचे लई हाल व्हायलेत रं," तात्या म्हणाले. "शहरातून कुणी मानूस आणता येतो का बघ. पर गुपचूप."

कारभारीच्या तोंडून निघून गेलं, "मानूस कशाला, तात्या? मलाच येतं की."

मग तात्यांनी विचारलं, "तुला येतं?" आणि लगेच, "मग उद्याच निघ. दुपारच्या एसटीनं ये, गाव रानात असतं तवा."

तसंच झालं. भर उन्हात, गावात चिटपाखरू नसताना, कारभारी मागच्या दारानं घरात शिरला. संडासाचं दार आतून लावून घेतलं आणि काम केलं. विहिरीवर आंघोळ केली, स्वच्छ कपडे घातले. आईनं त्याचे हात आपल्या गालांना लावले. संध्याकाळी तात्यांनी त्याला आपल्या शेजारी पाटावर बसवलं आणि पोळीवर स्वतःच्या हातानं तुपाची धार धरली. "तू नसता तर घराची अब्रू गेली असती," ते म्हणाले. कारभारीला त्या घासानं गहिवरून आलं. आयुष्यभर ज्यानं आपल्याला दिलं, त्याला आपण पहिल्यांदा काहीतरी देऊ शकलो होतो.

नळाला उतार नव्हता, त्यामुळं दर काही महिन्यांनी तुंबणार हे ठरलेलंच. कारभारीनं तात्यांना समजावून सांगितलं की अंगण उकरून नळ नीट बसवू, एकदाच काय ते होऊन जाईल. तात्यांनी हात झटकला. "अंगण उकरलं तर गाव इचारंल काय चाललंय, कोन करायलंय. काय सांगू? तू येत जा की अधूनमधून. तेवढीच गाठ पडती."

एवढ्या शेवटच्या वाक्यावर कारभारी वर्षानुवर्षं येत राहिला. आई गेली, तरी येत राहिला. गाव म्हणायचं, काय भावाभावांची माया आहे, शहरात राहून गावाकडचा पाय मोडला नाही! वहिनी, चतुराबाई, त्याच्यासाठी मागच्या दाराची कडी काढून ठेवायची. घरातल्या माणसांशिवाय कुणाला काही ठाऊक नव्हतं, आणि ही गुप्तता म्हणजे आपल्यावरचा विश्वास आहे असं कारभारी धरून चालला होता. भाबडाच तो. लपवलेली गोष्ट लपवणाऱ्याच्या मुठीत असते आणि ती मूठ कधी उघडायची ते तोच ठरवतो, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

तात्यासाहेबांचे गुडघे गेले त्या वर्षीची गोष्ट. कारभारी विहिरीवर हात धूत होता. तात्या काठी टेकत आले आणि दगडावर बसले. "औंदा पोळ्याला मी कसाबसा चाललो," ते म्हणाले. "आता नाय व्हायचं. पुढल्या साली कासरा तुझ्याकडं. धाकटा असलास तरी माझ्यामागं घरात मोठा तूच."

कारभारीच्या हातातला साबण विहिरीत पडला. घरी परतल्यावर त्यानं सरूबाईला ते पुन्हा पुन्हा सांगितलं. मग नूरमोहम्मदकडं जाऊन सांगितलं. म्हातारा आता दुकानात नुसता बसून असायचा, त्यानं विचारलं, "बैलां तेरी सुनते क्या रे? नै तो घसीट के ले जाएँगे तेरेकू!" यात तथ्य होतं. म्हणून पुढचं सगळं वर्ष कारभारी सुट्टीच्या दिवशी गावी जाऊ लागला. मानाच्या जोडीला नदीवर न्यायचा, घासून-पुसून धुवायचा, हातानं सरकी-पेंड चारायचा. सर्जा नावाचा बैल तापट होता. तोही हळूहळू कारभारीच्या हाकेला मान वळवू लागला. श्रावणात कारभारीनं गुलमंडीवरून केशरी फेटा घेतला आणि कारखान्यातल्या एका मित्राकडून बांधायला शिकला. पोरांचा बाप झालेला, केस पिकत आलेला माणूस आरशासमोर फेटा बांधायचा आणि सोडायचा. सरूबाई हसायची, पण तिलाही आतून भरून यायचं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी कारभारीनंच जोडीचे खांदे तुपा-हळदीनं मळले. तात्या ओसरीवर बसून बघत होते.

सकाळी मारुतीच्या पारावर भावकी जमली. जोड्या कुठल्या क्रमानं निघायच्या ते तिथं ठरतं. भावकीतले सगळ्यात वडीलधारे काकासाहेब मध्ये बसले होते. कारभारी फेटा काखेत धरून आला होता. कासरा हातात आल्यावर बांधायचा, असा त्याचा बेत. काकासाहेबांनी त्याच्याकडं बघून हसून म्हटलं, "तर मग औंदा कासरा कारभारीकडं. व्हय ना, तात्यासाहेब?"

तात्यासाहेब तळहातावर तंबाखू मळत होते. मान खालीच.

"बोलू नाय, पर बोलावं लागतंय," ते म्हणाले. "मानाचा कासरा हाय, देवाधर्माचं काम हाय. कारभारी माझा सख्खा भाऊ. लेकरावानी वाढवला मी त्याला. पर खरं ते खरं. शहरात ह्यो लोकांचे संडास साफ करतो. त्या हातानं कासरा धरावा का नाय, ते तुमी ठरवा." आणि जरा थांबून, "मलाबी आता-आताच कळलं."

कारभारीला आधी वाटलं, तात्या थट्टा करतायत. तो हसण्याच्या बेतात होता. मग त्यानं शेजारी बसलेल्या चुलतभावाला पाहिलं. त्यानं आपलं धोतर गोळा करून जरा पलीकडं सरकवलं होतं.

"खरं हाय का रं?" काकासाहेबांनी विचारलं.

एक शब्द पुरे होता. कुणाचे संडास, एवढंच म्हटलं असतं तरी पारावरचं वारं फिरलं असतं. पण त्यानं घरची गोष्ट घरात ठेवायचा शब्द दिलेला. तो बोलला असता तर वहिनीची मान खाली गेली असती, भावाची पोरं गावात हसण्याचा विषय झाली असती. आणि त्याहून मोठं म्हणजे त्याला वाटत होतं की अर्धं तात्यांनी सांगितलं, उरलेलं अर्धंही तेच सांगतील. आत्ता सांगतील. तो तात्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. तात्यांनी तंबाखूची चिमूट ओठाखाली ठेवली.

"व्हय," कारभारी म्हणाला. "खरं हाय."

"मग रामकिसनला द्या," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. रामकिसन म्हणजे तात्यांचा लेक. तो पारामागून पुढं आला. तो घरूनच फेटा बांधून आला होता.

तो बांधलेला फेटा पाहिला आणि कारभारीला सगळा उलगडा झाला. हे पारावर ठरलं नव्हतं. आपण बैलांचे खांदे मळत होतो आणि तात्या ओसरीवर बसून बघत होते, तेव्हाही त्यांना हे ठाऊक होतं. मान गेल्याचं दुःख होतंच. पण ज्या हातांना तात्या बारा-पंधरा वर्षं गुपचूप बोलावत होते, ज्या हातांनी तात्यांची आई सुखानं गेली, तेच हात तात्यांनी चार लोकांपुढं उघडे करून दाखवले, ते त्याला सोसेना. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्यानं तात्यांपाशीच जाऊन गाऱ्हाणं सांगितलं असतं. आता कुणाकडं जायचं?

जोडी निघाली तेव्हा तो किराणा दुकानाच्या भिंतीला टेकून उभा होता. हलगी वाजत होती. सर्जा त्याच्या समोर आला आणि थबकला, त्याच्याकडं तोंड करून उभा राहिला. रामकिसननं कासऱ्याला हिसका दिला. बैल गेला. लोकांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

घरी परतल्यावर सरूबाईनं त्याला बैल बांधायच्या रिकाम्या छपरात गाठलं. तिच्यापर्यंत बातमी पोचली होती. पुरणाच्या हातांनी ती तशीच आली होती. "अवो, वैजापूरकडचे पाहुणे यायलेत दुपारी," ती हळूच म्हणाली. "रामकिसनला मुलगी द्यायचं चाललंय त्यांचं. मुलाकडं गावचा मान हाय म्हणून सांगितलंय तात्यांनी. चतुरावैनी सकाळीच बोलून गेल्या माझ्यापुढं. महिन्याभरापासून ठरलंय म्हनं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आपण जाऊ."

"एसटी येऊ दे," कारभारी म्हणाला. दुपारची गाडी यायला वेळ होता. ती पोळ्या लाटायला गेली, कारण पाहुण्यांसमोर तमाशा नको.

पाहुणे आले. ओसरीवर सतरंज्या पडल्या, पानाचे डबे निघाले. कारभारीला कुणी बोलावलं नाही, तोही गेला नाही. बऱ्याच वेळानं काठीचा आवाज आला. तात्यासाहेब छपरात आले आणि जणू काही घडलंच नाही अशा आवाजात म्हणाले, "हितं काहून बसलास रं? मागं तुंबलंय. पाहुण्यांच्या बाया आल्यात, त्यांना जायचंय. जरा बघ की."

कारभारी त्यांच्याकडं बघतच राहिला. "तात्या," तो म्हणाला, "सकाळी पारावर काय बोललात तुमी?"

"ते धरून बसलास व्हय?" तात्या खरोखरच चकित झाले. "चार लोकांत बोलावं लागतं. घरात त्येचं काय? रामकिसन तुझा कुणीच नाय का? त्याचं जमायलंय, तर तुला बरं नको वाटाया?" मग त्यांनी जवळ येऊन कारभारीच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज अगदी मऊ केला. "घराची अब्रू हाय, कारभारी. तुझ्याबिगर कोन हाय मला?"

इथं कारभारीनं उठायला नको होतं. कुणीही सांगेल, उठायला नको होतं. पण त्याला बाप ठाऊक नव्हता, हा हात ठाऊक होता. आणि मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात अजूनही आशा होती की काम झालं की तात्या आपल्याला ओसरीवर बोलावतील, पाहुण्यांना सांगतील की हा माझा भाऊ, आणि सकाळचं थोडं तरी भरून निघेल. तो उठला. मागं गेला. दार आतून लावून घेतलं.

संडासाच्या भिंतीत वर एक झरोका होता, आणि घराच्या बाजूच्या बोळातून ओसरीवरचा आवाज थेट तिथं यायचा. पाहुण्यांचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. पावसाचं झालं, कपाशीचं झालं. कारभारी टायरची चकती दाबून वरखाली करत होता, त्याचा आवाज होऊ नये म्हणून हळूहळू. तेवढ्यात मुलीच्या बापानं विचारलं, "तुमचे धाकटे बंधू औरंगाबादेला असतात म्हणे, कारखान्यात? पोळ्याला आले असतील की. त्यांचीबी गाठ पडली असती."

कारभारीचा हात थांबला.

"कारभारी व्हय?" तात्यासाहेबांचा आवाज आला. "त्येला कुठली सवड! नोकरीचा मानूस. औंदा नाय आला."

आत, कोंडलेल्या वासात, त्याच माणसाच्या घरची घाण हाताखाली घेऊन कारभारी उभा होता, आणि तो आलेला नव्हता. त्याला ओरडावंसं वाटलं. त्याला दार लाथेनं उघडून ओसरीवर जाऊन उभं राहावंसं वाटलं. पण खाली गुडगुड आवाज झाला आणि अडलेलं सगळं निघून गेलं. सवयीनं त्यानं दोन तांबे पाणी ओतलं, पाणी जागच्या जागी राहतंय का पाहिलं. पाहुण्यांच्या बायकांना जायचं होतं, त्यांचा काही दोष नव्हता.

विहिरीवर त्यानं हात धुतले. अंगावर पाणी मात्र ओतून घेतलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्यानं सरूबाईला हाक मारली, "चल."

"अवो, पानं वाढायलेत. पोळ्याचा घास न खाताच?" तिनं त्याचं तोंड पाहिलं. पिशवी उचलली. चतुराबाई पोळी भाजता भाजता म्हणाली, "काहून हो भावजी, काय झालं?" त्यानं पायात चपला सरकवल्या. दारापर्यंत आल्यावर सरूबाई घुटमळली. "तात्यांना सांगून तरी जाऊ. वडील मानूस हायेत."

"काय सांगायचं?" कारभारी म्हणाला. "आपण आलोच नाय."

मागच्या दाराची कडी काढलेली होती. तो तिकडून गेला नाही. सरूबाईला घेऊन तो ओसरीच्या समोरून, पुढच्या अंगणातून निघाला. पाहुण्यांनी माना वळवून पाहिलं. तात्यासाहेबांनीही पाहिलं. भाऊ उपाशी पोटी सणाच्या दिवशी घरातून चाललाय हे त्यांना कळलं, ओठ हललेही. पण हाक मारायची तर हा कोण ते पाहुण्यांना सांगावं लागलं असतं. त्यांनी पानाचा डबा उचलला आणि मुलीच्या बापापुढं सरकवला.

कारभारी अंगणाबाहेर पडेपर्यंत अगदी सावकाश चालला. मग वेशीपाशी, तुटलेल्या तोरणाच्या आंब्याच्या पानांवर उभं राहून, तो लहान पोरासारखा हमसून हमसून रडू लागला. येणारी-जाणारी माणसं बघत होती. सरूबाईनं त्याला गप्प केलं नाही. एसटी आली तेव्हा तिनं त्याचा हात धरून त्याला आधी वर चढवलं.